बंदीचा हुकूम आणि बुडालेला रोज



साथीच्या दिवसांत सभा, जत्रा आणि प्रवास बंद करावेत की नाही, आणि करायचे तर कसे, हा माझा आजचा विषय आहे. तो माझ्यासारख्याने घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. माझा धंदाच मुळी माणसे जमवण्याचा. गेली तीस वर्षे मी गेटसभा घेतो, मोर्चे काढतो, संपाच्या दिवशी फाटकावर उभा राहतो. मी डॉक्टर नाही, वकील नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर तारखेची वाट पाहताना झाले. तेव्हा रोगाच्या औषधाबद्दल मी बोलणार नाही. रोगासाठी जो हुकूम निघतो, तो हमालाच्या, मोलकरणीच्या, गिरणीतल्या माणसाच्या घरात पोचतो तेव्हा त्याचे काय होते, तेवढेच सांगणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बंदी घालावी, वेळेवर घालावी. पण ज्याचा रोज बुडवला, त्याचा रोज त्याच हुकुमात भरून द्यावा. तो भरला नाही तर बंदी अन्यायाची होते, हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की मग ती रोगालाही अडवीत नाही.

प्रथम, बंदीने उपयोग होतो का? होतो. याचा दाखला १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मिळतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जाची मोठी मिरवणूक निघाली. रोग शहरात आला होता, डॉक्टर मंडळी नको म्हणत होती, तरी ती काढली. दोनएक लाख लोक रस्त्यावर जमले. पुढच्या काही दिवसांत इस्पितळात खाट मिळेना. नंतर शाळा, नाटकगृहे, प्रार्थनामंदिरे बंद केली, पण ते वरातीमागून घोडे. सहा आठवड्यांत १२,००० वर माणसे गेली. त्याच देशातल्या सेंट लुईस शहरात डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ नावाचा आरोग्याधिकारी होता. गावात पहिले रोगी दिसताच दोन-तीन दिवसांत, ७ ऑक्टोबरला, त्याने गर्दीच्या जागा बंद केल्या. साथ ऐन भरात असताना आठवड्याला लाखामागे जादा मृत्यू किती झाले, याचा हिशेब पुढे अभ्यासकांनी मांडला. फिलाडेल्फियात ते २५७ होते, सेंट लुईसमध्ये ३१. नोव्हेंबरात सेंट लुईसनेही बंदी लवकर सैल केली, आणि तिथेही रोगाने पुन्हा डोके वर काढले. तेव्हा गर्दी तोडली तर रोगाचा वेग तुटतो याबद्दल वाद नको. सभा घेणे हा माझा हक्क आहे, पण शेजाऱ्याच्या श्वासात रोग घालण्याचा हक्क मला कोणत्याही घटनेने दिलेला नाही.

आता आपल्याकडे या. त्याच रोगाचे मुंबईतले पहिले मानकरी कोण होते? १० जून १९१८ रोजी इस्पितळात दाखल झालेले सात पोलीस शिपाई, आणि त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. जहाजांतून रोग उतरला आणि पहिल्याने अंगावर आला तो पहारा करणाऱ्याच्या. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साथीत खालच्या मानलेल्या जातींतल्या हिंदूंमध्ये हजारी ६१.६ माणसे दगावली. युरोपियनांमध्ये हजारी ८.३. हवा एकच होती. फरक होता तो खोलीचा, अन्नाचा आणि रजेचा. ज्याला घरी पडून राहण्याची सोय होती तो पडून राहिला. ज्याला नव्हती तो कामावर गेला, तिथे पडला, आणि पडण्यापूर्वी रोग चार जणांना देऊन गेला.

याच्याही मागे, प्लेगपर्यंत, जाणे भाग आहे. कारण आपल्याकडचा बंदीचा कायदा प्लेगातून जन्मला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. तेव्हा मुंबईची वस्ती आठ लाखांच्या थोडी वर होती. १८९७ चे पहिले दोन महिने संपेपर्यंत जवळजवळ निम्मे शहर कोकणात आणि देशावर निघून गेले. गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा एक चमत्कार झाला. जे मालक महिन्याचा पगार महिनाभर अडकवून ठेवीत, ते रोजचा रोज रोख द्यायला तयार झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून ते एकमेकांचे कामगार जादा दराने ओढू लागले. रोज जागच्या जागी मिळाला तर माणूस मरणाच्या भीतीतही थांबतो, हे मालकवर्गाला त्या दोन महिन्यांत समजले. साथ ओसरली आणि ते विसरून जाण्यातच त्यांना सोय वाटली.

याच प्लेगाने आपली दोन मोठी माणसे नेली. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. रविवारी आपण घरी बसतो तेव्हा ती सुट्टी कोणी दिली, हे आठवावे म्हणून ही नावे घेतली.

लोखंडे गेले त्याच्या पाचच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १८९७ ला, साथरोगांचा कायदा झाला. त्या कायद्याच्या जोरावर आगगाडीचे उतारू कल्याणसारख्या स्टेशनांवर उतरवून तपासले, घरे झडतीला घेतली, माणसे छावण्यांत नेली. त्याच वर्षी हजला जाणारी जहाजे बंद झाली. पुण्यात सोजिरांनी घरात शिरून जे केले त्याचा शेवट २२ जून १८९७ ला रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, ते आपण शाळेत शिकलो. पण ९ मार्च १८९८ ची मुंबई आपल्याला शिकवली गेली नाही. मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक गेले, त्यावरून दंगा झाला, आणि पाठोपाठ गोदीतले कामगार, रेल्वेचे कामगार, गाडीवान संपावर गेले. हा संप पगारासाठी नव्हता. आमच्या घरात शिरताना आम्हाला माणूस समजा, एवढीच त्यामागची मागणी होती.

आणि एवढे करून रोग थांबला का? त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की हा प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला होतो. म्हणजे पहारा बसला होता उतारूंवर, आणि रोग धान्याच्या कोठारात उंदरांच्या अंगावर बसला होता. ते ज्ञान त्या काळी नव्हते, म्हणून त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण धडा घ्यायचा तो असा: रोग कोणत्या वाटेने चालतो ते आधी पाहा, आणि मग तीच वाट बंद करा. माणूस गरीब आहे आणि गप्प बसतो, एवढ्यावरून त्याची वाट बंद करू नका.

तो १८९७ चा कायदा मी वाचला आहे. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव, दुसऱ्यात सरकारचे अधिकार, तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा, चौथ्यात हुकूम बजावणाऱ्याला संरक्षण. ज्याला कोंडायचे त्याच्या भाकरीचे कलम मी शोधले. तेव्हा दुसऱ्या कलमात एक ओळ सापडली. या कामी होणारा खर्च कोणी आणि कसा भरायचा ते सरकार ठरवू शकेल, आणि त्या खर्चात नुकसानभरपाईही धरावी. पण कंसात, आणि ‘असल्यास’ हा शब्द जोडून. मंडळी, शिक्षा ‘असल्यास’ नाही, ती आहेच. संरक्षण ‘असल्यास’ नाही, तेही आहेच. ‘असल्यास’ आहे ती फक्त भरपाई. माझे सगळे व्याख्यान या एका शब्दाविरुद्ध आहे.

१३ मार्च २०२० पासून महाराष्ट्रात हाच कायदा पुन्हा लागू झाला. २५ मार्चपासून सबंध देश बंद झाला. २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्याने एक चांगला हुकूम काढला: बंदीच्या काळातही मालकाने पगार कापू नये, आणि घरमालकाने अशा कामगारांकडे महिनाभर भाडे मागू नये. आम्ही त्या हुकुमाच्या प्रती काढून वाटल्या. एका गोदामाच्या ठेकेदाराने ती प्रत वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, “भाऊ, तुमची माणसे माझ्या मस्टरवर आहेतच कुठे?” खरेच नव्हती. बारा वर्षे पोती उचलणारा माणूस कागदावर नव्हता. पुढे १८ मेपासून तो हुकूमच मागे घेतला गेला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावे. उपाशी माणूस आणि भरल्या पोटाचा माणूस आपसात बोलतात तेव्हा काय मिटते, ते मी तीस वर्षे पाहतो आहे.

रोज गेला, गाड्याही गेल्या. मग काय झाले? १४ एप्रिलला बंदी वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याच दिवशी वांद्रे स्टेशनाबाहेर शेकडो परप्रांतीय कामगार जमले. गावी जायची गाडी सुटेल, अशी त्यांची आशा होती. मिळाल्या त्या लाठ्या. म्हणजे गर्दी होऊ नये म्हणून काढलेल्या हुकुमानेच गर्दी जमवली. मुंबई-नाशिक रस्त्यावरून भिवंडीचे यंत्रमाग कामगार बायकामुलांसह चालत निघालेले महाराष्ट्राने पाहिले. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटू लागल्या, पण त्यांत नाव लागणे सोपे नव्हते. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले काही कामगार मध्य प्रदेशात जाण्यासाठी गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे रुळांवरून पायी निघाले. थकून औरंगाबादजवळ, करमाडपाशी, रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या पडल्या होत्या. प्रवासी गाड्या बंद आहेत, तेव्हा रूळ मोकळे आहेत, अशी त्यांची समजूत. माल मात्र चालू होता. या सोळा जणांना रोगाने मारले नाही.

मुंबईची लोकल घ्या. १५ जून २०२० ला ती अत्यावश्यक सेवेतल्या माणसांसाठी सुरू झाली. सर्वांसाठी, तीही ठरावीक वेळांत, १ फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या काळात विरार-बदलापूरची घरकामाला जाणारी बाई, दुकानातला नोकर हे कुठे होते? ते बसच्या रांगेत होते. दीड तासाचा प्रवास तीन-चार तासांचा झाला. लोकलमधली गर्दी नाहीशी झाली नाही. ती बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

आता या सगळ्याचा रोगाशी काय संबंध, ते सांगतो. २०२१ च्या एप्रिलात, दुसरी लाट जोरात असताना, आमच्या संघटनेतल्या एक कंत्राटी सफाई कामगार मावशी तोंडावर पदर घट्ट बांधून कामावर आल्या. डोळे लाल, अंग तापलेले. मी म्हटले, “मावशी, तपासून घ्या, घरी थांबा.” त्या म्हणाल्या, “भाऊ, ताप सांगितला तर चौदा दिवस घरी बसवतील. चौदा दिवस चूल कोण पेटवणार? तुम्ही?” या प्रश्नाला उत्तर असेल तरच तुमची बंदी यशस्वी होईल. उत्तर नसेल, तर मावशी ताप लपवणार, गोळी खाणार, कामावर येणार. ज्याच्या घरी पगार चालू आहे त्याचा दरवाजा बंद झाला तरी रोग मावशीच्या झाडूबरोबर त्याच्या जिन्यात येणारच. आम्ही वर्गणी काढून त्यांना घरी बसवले. पण शहराचे आरोग्य हमालांच्या वर्गणीवर चालवायचे काय?

काही लोक म्हणतात, घरी बसवून पगार देणे ही कल्पनाच अव्यवहारी आहे. त्यांना मी सरकारी नोकरांच्या जुन्या नियमांकडे बोट दाखवतो. त्यांत ‘क्वारंटाइन लीव्ह’ नावाची एक रजा होती. घरात पटकी, देवी, प्लेग असा संसर्गाचा रोग झाला, आणि कचेरीत येऊ नका असा हुकूम मिळाला, तर २१ दिवस, विशेष प्रसंगी ३० दिवस रजा. ती खात्यातून वजा होत नसे आणि पगारही तुटत नसे. म्हणजे इंग्रजाच्या राज्यातही हे तत्त्व ठाऊक होते, की लोकांच्या हितासाठी ज्याला घरी बसवतो त्याचा पगार लोकांनी द्यायचा असतो. ते कारकुनाला लागू केले, झाडूवाल्या मावशीला नाही. हे तत्त्व नवीन नाही. जुनेच आहे, ते सगळ्यांना लावा एवढेच मी म्हणतो.

पैसा कुठून आणायचा? सोंग सगळ्याचे आणता येते, पैशाचे आणता येत नाही, हे मलाही कळते. पण महाराष्ट्राने यातली वाट आधीच काढून ठेवली आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमाल बोर्डात नोंदला जातो. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डात भरतो आणि बोर्ड कामगाराला पैसे देते. कोण कामगार, किती काम, कोणता मालक, याची वही असते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला. त्या पैशातून एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या नोंदणी झालेल्या बांधकाम मजुरांना २,००० रुपये मिळाले. रक्कम थोडी होती, पण मिळाली. का मिळाली? नाव वहीत होते म्हणून. शेजारच्या झोपडीतला नोंदणी नसलेला बिगारी तेवढ्यालाही मुकला. आणि या उपकराचे कोट्यवधी रुपये देशभर न वापरता पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच कान उघाडणी केली होती. तेव्हा पैसा नव्हता असे नाही. वहीत नाव नव्हते, आणि ते घालण्याची कोणाला घाई नव्हती.

दुसरा मुद्दा समानतेचा. बंदी सर्वांना सारखी पाहिजे. आपल्या लोकांनी २०२० साली केलेला त्याग लहान नाही. आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीने पंढरीला गेल्या, आणि लाखो वारकरी घरी बसून हात जोडून राहिले. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीच बसवली नाही. रक्तदानाचा आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका म्हटल्यावर भीमसैनिकांनी घरातूनच अभिवादन केले. आम्ही १ मेचा झेंडा चार माणसांत लावला, आणि तो तर महाराष्ट्र राज्याच्या साठाव्या वाढदिवसाचा दिवस होता. यांतल्या कोणाला दंडुक्याची गरज पडली नाही. समजावून सांगितले, आणि लोकांनी मानले.

पण एप्रिल २०२१ मध्ये काय दिसले? हरिद्वारला कुंभात लाखोंचे शाही स्नान, आणि बंगालात निवडणुकीच्या प्रचंड सभा. वारकऱ्याला कळत नाही काय? ज्याची वारी बंद केली त्याला दुसऱ्याची सभा चालू दिसली की पुढच्या वेळी तो ऐकणार नाही. उलट बाजूनेही पाहा. मार्च २०२० मध्ये दिल्लीत तबलिगींचा मेळावा भरला, आणि जणू सगळा रोग एकाच धर्माने आणला अशी आवई उठली. आमच्या बाजारात काही दिवस मुसलमान फेरीवाल्याची गाडी लोक ओलांडून जात. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे स्पष्ट लिहिले. पण तोवर त्या फेरीवाल्याचा हंगाम गेला होता. जंतूला जात नाही, पण अफवेला असते.

तिसरा मुद्दा मुदतीचा, आणि तो कामगार चळवळीच्या मुळाशी जातो. सभाबंदी हे हत्यार आहे. ते रोगावर चालवावे, पण ते म्यान केव्हा होणार ते हुकुमातच लिहिलेले हवे. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे गुंडाळून ठेवण्याचा वटहुकूम मंजूर केला होता. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत तीन श्रमसंहिता मंजूर झाल्या. त्या बऱ्या की वाईट, हा आजचा विषय नाही. आम्हाला चार माणसे जमवायची बंदी असताना त्या झाल्या, हा आजचा विषय आहे. लोकांना जमू द्यायचे नसेल, तर लोकांच्या पोटाशी भिडणारे कायदेही त्या काळात थांबले पाहिजेत. एकीचे दार बंद आणि दुसऱ्याचे उघडे, हा न्याय नव्हे.

म्हणून पुढच्या साथीसाठी, ती येणार हे गृहीत धरून, माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक असंघटित कामगाराचे नाव बोर्डाच्या वहीत आजच चढवा; साथ आल्यावर वही उघडायला वेळ नसतो. दुसरी, बंदीच्या हुकुमाच्या पहिल्या परिच्छेदात बंदी आणि दुसऱ्यात भरपाईची रक्कम व तारीख असावी. दुसरा परिच्छेद नसेल तर पहिला निघू नये. तिसरी, वाहतूक बंद करण्याआधी ज्याला घरी जायचे त्याला तपासून, तिकिटाशिवाय, सांभाळून पोचवा. हे अशक्य नाही. मे २०२० मध्ये आपल्याच एसटीच्या चालक-वाहकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट पोचवले. ते मार्चमध्येच नेमाने झाले असते तर पुष्कळ पाय वाचले असते. चौथी, वस्तीत बंदी बसवताना वस्तीतली माणसे, मंडळाचा कार्यकर्ता, आशाताई, युनियनचा प्रतिनिधी यांना आधी बोलवा. १८९८ च्या मदनपुऱ्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

२०२० च्या वसंतात महाराष्ट्रात अशा सभागृहांना कुलपे होती, आणि ती असायलाच हवी होती. उद्या पुन्हा वेळ आली तर माझी सभा मीच पहिल्याने रद्द करीन. रद्द करणाऱ्याकडे मागेन ते एवढेच, की त्या कायद्यातला ‘असल्यास’ हा शब्द त्याने लाल शाईने खोडावा. तो खोडला की मावशी स्वतःहून सांगतील, “भाऊ, मला ताप आहे, मी घरी थांबते.” ज्या दिवशी गरीब माणूस न भिता आपला ताप सांगेल, त्या दिवशी साथ अर्धी हटलेली असेल.